कोंडाजींचं लिंबू

आमचे बाबा, कोंडाजी, सत्तावीस वर्षं न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनरचा ट्रेलर चालवतायत. एकदाही कुणाला साधं खरचटलेलं नाही. त्यामुळे गाडीच्या बाबतीत ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

माझी ताई, प्रणाली, बंगळुरूला दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली, म्हणून माहेरी येणं राहिलं. भाची सुखरूप होती आणि रविवारी बारसं होतं. मी नव्या विमानतळावरून तिघांची तिकिटं काढली. आमच्या जासईपासून अर्ध्या तासाची वाट. बाबांनी तिकिटं पाहिली आणि जाहीर केलं, "मी आपली गाडी काढतो."

मी मोबाइलवर आकडे दाखवले. दर वर्षी रस्त्यावर लाखो माणसं मरतात, विमानात त्या मानाने अगदी मोजकी.

"रस्त्याला काय झाला तर गाडी बाजूला लावता येते," बाबा म्हणाले. "इमान कुठं लावशील? ढगावं?"

वर लिंबाचा प्रश्न होताच. लांबच्या फेरीला निघताना पुढच्या चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय बाबा गाडी हलवत नाहीत. विमानाच्या चाकापाशी त्यांना कोण जाऊ देणार?

आई, मनुबाई, तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली आपटलं.

"लिंबू चिरडला का तुमचा जीव थंड. आन माजा? तुमी घाट उतरलाव का नाय, जेवलाव का नाय, मना काय ठावं? स्टेरिंग तुमच्या हातान, तुमाला कशाला भ्याव वाटल? सत्तावीस वर्सां मीच भितेय. एक दिस तुमीबी भिया, माज्या बाजूला बसून."

बाबांनी गाडीची चावी आईच्या हातात दिली. मला तर रडूच आलं. ते फेरीवर असले की आई सारखी दार उघडून बाहेर उभी राहायची. मला मेलीला वाटायचं, तिला उकडतंय.

शनिवारी सकाळी बाबांनी लिंबू ठेवलंच, पण विमानतळावर नेणाऱ्या रिक्षाच्या चाकाखाली. रिक्षावाला वाटभर हसत होता.

विमान उडालं तसे बाबांनी डोळे मिटले आणि आईचा हात घट्ट धरला. उतरताना त्यांचा पाय समोरच्या सीटखाली ब्रेक शोधत होता. चाकं टेकल्यावर ते म्हणाले, "मने, तुना रोज असाच वाटायचा?"

"रोज," आई म्हणाली. "आथा सोडा हात, बांगडी रुततेय."

बारसं झोकात झालं. घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले. बंदराचं गेट आमच्यापासून जेमतेम वीस मिनिटांवर. आई भाकऱ्या थापत होती, तेवढ्यात फोन वाजला. तिने घाबरून पिठाच्या हातानेच उचलला.

"पोचलो गं," बाबा म्हणाले.