क्रमांक सतरा, रोहित्र

मी बोलतेय. जिन्याखालच्या अडगळीतून बोलतेय, त्यामुळे आवाज घुसमटलेला येईल, तेवढं चालवून घ्या. माझ्यावर दोन मोडक्या खुर्च्या टाकल्यात, काचेला आडवी चीर गेलीय आणि माझी अर्धी बाग उंदरांनी कुरतडून नेलीय.

मी एका वस्तीची प्रतिकृती. म्हणजे जुनी वस्ती पाडून नवी उभी राहिली की ती कशी दिसेल, हे लोकांना आधी दाखवण्यासाठी बनवलेलं टेबलाएवढं गाव. प्रतिकृती हा शब्द फक्त कागदावर. बाकी सगळे मला मॉडेल म्हणायचे.

मला घडवणारा कारागीर जाड भिंगाचा चष्मा लावायचा आणि काम करताना स्वतःशीच पुटपुटायचा. पुठ्ठा कापून त्याने माझ्या इमारती केल्या, हिरव्या स्पंजाची झाडं केली, रस्त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी माणसं चिकटवली. शंभरेक असतील. सगळी ताठ चालणारी. त्यांत एकही म्हातारं माणूस नव्हतं, की कुणाच्या हातात पिशवी नव्हती. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की ही वस्ती कुणा भलत्यांसाठीच आहे.

नगरपालिकेने पाठवलेल्या नकाशात एका कोपऱ्यावर सतरा आकडा होता. तिथे एक छोटा ठोकळा बसवून त्याला राखाडी रंग द्यायचा, असं लिहिलं होतं. राखाडी रंग नेमका संपला होता. एका डबीत तळाला निळा उरला होता, तोच कारागिराने त्या ठोकळ्याच्या छपराला फासला. "एवढ्याशा डबड्याकडे कोण बघतंय," असं तो पुटपुटला आणि पुढच्या झाडाकडे वळला. माणूस वाईट नव्हता. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझ्या कडेला एक यादी चिकटवली होती. एक ते आठ निवासी इमारती, नऊ उद्यान, दहा वाहनतळ, असं करत शेवटी 'सतरा, रोहित्र'.

मला नगरपालिकेच्या सभागृहात खिडकीपाशी ठेवलं. नगराध्यक्षांनी माझ्यावरचा पडदा ओढला, टाळ्या झाल्या, वस्तीचा कायापालट होणार असं भाषण झालं. मग दारावर सूचना लागली. हरकती आणि सूचना लेखी द्याव्यात, मुदत तीस दिवस.

लोक येऊ लागले. तीस दिवसांत मी एक गोष्ट शिकले. माणूस गाव बघायला येतो असं म्हणतो, पण बघतो फक्त स्वतःचं घर. माझ्या इमारती, माझी कारंजी, कशाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पाण्याच्या टाकीवर बोट ठेवायचं आणि तिथून डावीकडे पाचवं, सहावं असं मोजत यायचं. बोट थांबायचं तिथे भलतंच काहीतरी असायचं. एका आजोबांनी आमचं घर कुठाय म्हणून विचारलं, तेव्हा आवक-जावक बघणारा कारकून वहीतून मान वर न काढता म्हणाला, "ते वाहनतळात येतं, आजोबा." येतं! जणू घर आपल्या पायांनी चालत तिथे गेलं होतं. आजोबा बराच वेळ तिथेच उभे राहिले, मग खिशातला रुमाल काढून काचेवरचा आपल्या बोटाचा ठसा पुसून गेले.

माझ्या खिडकीतून रस्त्यापलीकडे बारा टपरीवजा दुकानांची ओळ दिसायची. अगदी कोपऱ्यावरचं दुकान एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं होतं. सगळी वस्ती तिला आत्या म्हणायची. लग्न केलं नव्हतं, भावाची मुलं लहानाची मोठी केली, ती पांगली. राहिलं ते दुकान. दहा फूट रुंद, वर निळ्या पत्र्याचं छप्पर. सव्वीस वर्षं ती तिथे बसून लोकांच्या पँटी आखूड करत होती, कंबरा सैल करत होती. कुणाचं पोट सुटलं आणि कोण आजारपणाने खंगलं, हे डॉक्टरच्या आधी तिला कळायचं.

त्या ओळीत पालिकेचा भाडेपट्टा फक्त तिच्याकडे होता. बाकीच्या अकरा जणांकडे नुसत्या पावत्या. त्यामुळे सगळ्यांनी ठरवलं होतं की आत्याने हरकत घ्यायची आणि बाकीच्यांनी तिच्या मागे उभं राहायचं. तिची हरकत असेल तर सुनावणी घ्यावीच लागणार होती, आणि सुनावणीत बाराही दुकानांचा प्रश्न निघणार होता. अर्ज मास्तरांनी लिहून दिला. मास्तर म्हणजे वस्तीतले निवृत्त शिक्षक. कुणाला पत्र आलं, नोटीस आली, की वाचायला त्यांच्याकडे. त्यांना येत नाही असा शब्द नाही, असा त्यांचा लौकिक होता, आणि तो त्यांनी जिवापाड जपला होता.

अर्ज दाखल करून आठ दिवस झाले होते. आत्या मला बघायला आली, बरोबर मास्तर. ती टाकीपासून मोजत मोजत कोपऱ्यावर आली आणि तिचं बोट थांबलं.

"मास्तर, हे बघा. माझं दुकान."

निळं छप्पर, नेमक्या तिच्या कोपऱ्यावर. मी हादरले. अगं बाई, ते दुकान नाही, विजेचं खोकं आहे, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण पुठ्ठ्याला तोंड कुठून येणार?

आत्या कच्च्या गुरूची चेली नव्हती. डोळ्यांनी पाहिलं म्हणजे खरं, असं मानणारी ती नाही. गळ्यात अडकवलेला टेप तिने काढला, एक डोळा मिटून काचेवर धरला आणि कारकुनाला विचारलं, की यात एक इंच म्हणजे खरे किती? कारकून म्हणाला, दोनशे. तिने ओठांतल्या ओठांत हिशेब केला. ठोकळा भरला एक इंच. दोनशे इंच म्हणजे साडेसोळा फूट आणि वर दोन बोटं. दहा फुटांचं दुकान साडेसोळा फुटांचं होणार होतं. तिने टेप पुन्हा गळ्यात टाकला. आयुष्यभर ज्या टेपावर तिने विश्वास टाकला, त्यानेच तिचा घात केला.

तरी तिने यादी वाचली. सतरा, रोहित्र.

"रोहित्र म्हणजे काय हो?" तिने कारकुनाला विचारलं. हा शब्द त्याने महिन्याभरात पन्नास वेळा तरी कागदांवर उतरवला असेल. तो म्हणाला, योजनेतलं काहीतरी नाव असेल. मग आत्याने मास्तरांकडे पाहिलं.

मी मास्तरांचा चेहरा अगदी जवळून पाहत होते. माहीत नाही, एवढे दोन शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले होते. पण समोर कारकून होता, शिपाई होता, आत्या डोळ्यांत प्राण आणून बघत होती. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"संस्कृत शब्द आहे," ते म्हणाले. "शेवटी 'त्र' आहे बघा. वस्त्र, तसं रोहित्र. कापडाशी संबंधित दिसतंय."

आत्याचा चेहरा असा उजळला, की मला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात मुख्याधिकारी आतून बाहेर आले. सगळे त्यांना साहेब म्हणत. आत्याने त्यांना थांबवलं आणि काचेवर बोट ठेवून विचारलं, की साहेब, हे माझं दुकान ना? साहेबांनी ठोकळ्याकडे पाहिलं. यादीकडे पाहिलं. नकाशावर त्यांची स्वतःची सही होती, रोहित्र म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग त्यांनी आत्याकडे पाहिलं आणि हसले.

"तुमच्याच जागेवर आहे ना ते? मग झालं तर."

"मग माझी हरकत कशाला राहील?"

"तसं लेखी देऊन टाका ना. म्हणजे आमचंही काम सोपं होईल."

पेन साहेबांनी स्वतःच्या खिशातलं दिलं. कागद माझ्याच काचेवर ठेवून आत्याने लिहिलं, की माझी हरकत मी स्वखुशीने मागे घेत आहे, माझी काहीही तक्रार नाही. प्रत्येक अक्षराचा दाब मला वरून जाणवत होता. साहेब एक शब्दही खोटं बोलले नाहीत, हे मला आजही सलतं. खोटं बोलणाऱ्याला कधीतरी पकडता येतं.

पुढचे दिवस आत्या एकेका दुकानदाराला घेऊन मला दाखवायला यायची. चहावाला, सायकलवाला, चपला शिवणारा. त्यांच्या जागेवर माझ्यात हिरवळीचा पट्टा होता. त्यांनी तोंडं पाडली की ती समजूत काढायची, की एकाचं ठेवलंय म्हणजे बाकीच्यांची सोय मागे कुठेतरी केलेली असणार, घाई करू नका. आत्या म्हणतेय म्हणजे खरंच असणार, असं म्हणून ते गेले. मुदत संपली. सुनावणीच्या दिवशी सभागृहात रिकाम्या खुर्च्या होत्या. एकही हरकत शिल्लक नाही, असं साहेबांनी वाचून दाखवलं आणि सगळे चहाला उठले.

पाडकामाचं यंत्र आलं ते सकाळी दहाच्या सुमारास. मी खिडकीतून सगळं पाहिलं. अकरा जण सामान बाहेर काढत होते, रडत होते, शिव्या देत होते. आत्याने काहीच बाहेर काढलं नव्हतं. दारात खुर्ची टाकून ती टाके घालत बसली होती. यंत्र कोपऱ्यावर आलं तेव्हा ती उठली आणि चालकाला हाताने पुढे जा म्हणून खुणावू लागली. शिपाई तिथेच होता, त्याने नंतर सांगितलं. ती शांतपणे म्हणत होती, हे नाही पाडायचं, हे मॉडेलमध्ये आहे. चालकाने यंत्र बंद केलं, खिशातून कागद काढून पुन्हा वाचला आणि म्हणाला, "मावशी, सतरा नंबरचीच जागा आधी मोकळी करायला सांगितलीय." तिचं शिलाई मशीन शिपायाने आणि सायकलवाल्याने उचलून बाहेर ठेवलं. कपाट तसंच आत राहिलं.

दुपारी ती सभागृहात आली. केसांत धूळ, गळ्यात टेप तसाच. मागोमाग मास्तर. कारकुनाला एव्हाना इंजिनियरकडून अर्थ कळला होता.

"ट्रान्सफॉर्मर, आत्या," तो खाली बघत म्हणाला. "विजेचा ट्रान्सफॉर्मर. त्याला मराठीत रोहित्र म्हणतात."

आत्या म्हणाली, "मी पण मराठीच बोलते ना रे?"

मास्तर काचेतून माझ्या रस्त्यांकडे बघत राहिले. ती गेल्यावर तेही मागच्या दाराने गेले.

दुकान गेलं हे एक दुःख. पण त्याहून वाईट पुढे झालं. अकरा जण साहेबांकडे जाब विचारायला आले, तेव्हा साहेबांनी आत्याचा कागद त्यांच्यापुढे धरला. स्वखुशीने. काहीही तक्रार नाही. तुमच्यातल्याच बाईंनी लिहून दिलंय, मी काय करणार, असं म्हणून त्यांनी खांदे उडवले. चहावाल्याने तो कागद दोनदा वाचला. सव्वीस वर्षं आत्याच्या दुकानात त्याचा पहिला कप जायचा. "म्हणजे हिला आत जागा कबूल केली असणार," तो म्हणाला. "म्हणूनच आपल्याला थांबवून धरत होती."

ते सगळ्यांना पटलं. माणसाला आपण फसलो हे मान्य करण्यापेक्षा कुणीतरी आपल्याला विकलं हे मानणं सोपं जातं. आता आत्या लांबच्या एका भाड्याच्या खोलीत राहते. शिवायला कपडे येत नाहीत. मला हे शिपाई आणि कारकून जिन्यावर बसून बोलतात त्यातून कळतं. ती बाजारात दिसली की चपला शिवणारा खाली मान घालतो, आणि सायकलवाल्याच्या बायकोने तर तिला भर रस्त्यात तोंडावर विचारलं, की आतलं दुकान केव्हा उघडतेस? आत्याने खूप सांगून पाहिलं. शब्द समजला नाही हो मला, असं ती म्हणते. पण मास्तर बरोबर असताना शब्द समजला नाही, हे कुणाच्या गळी उतरत नाही.

आणि मास्तर? मास्तर समोरून ती येताना दिसली की रस्ता ओलांडतात. वस्तीतली मंडळी अजून त्यांच्याकडेच कागद वाचायला नेतात.

उद्या जिन्याखालची अडगळ काढणार आहेत. भंगारवाला येऊन मला बघून गेला, पुठ्ठ्याचं काही येत नाही म्हणाला, फुकट नेतो. त्या दिवशी काचेभोवती जे घडलं ते पाहणारे, आत्या सोडली तर, आम्ही पाचच जण. कारकुनाला आणि शिपायाला नोकरी आहे. साहेबांची बदली झाली, बढतीवर. मी उद्या जाणार.

तेव्हा तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर माझं एक काम करा. नव्या इमारतींच्या मागे, बसथांब्यापाशी, संध्याकाळी मास्तर बसलेले असतात. त्यांना नमस्कार करा, त्यांचा मान ठेवा, वय झालंय त्यांचं. आणि त्यांना सांगा की अकरा जणांसमोर एकदा उभं राहून एवढंच म्हणा, मला तो शब्द येत नव्हता. आत्याला दुकान आता नकोय. तिला फक्त एवढं हवंय.