हात मागे ठेवलेलं वर्ष

टूंऽ टूंऽ टूंऽ. वॉशिंग मशीनने आपलं काम संपल्याची दवंडी पिटली आणि दुपारच्या शांततेला तडा गेला. तिने श्वास रोखून सोफ्याकडे पाहिलं. चार वर्षांची लेक कुशीवर वळली, बाहुलीची तंगडी गालाखाली ओढून घेतली आणि पुन्हा झोपली. वाचले. तासभर हाताशी होता, आणि तेवढ्यात तिला स्वतःची भरपूर स्तुती करून घ्यायची होती.

हे काम ती जात असलेल्या वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांनी तिच्यावर सोपवलं होतं. रेसिडेन्सीसाठी, म्हणजे डॉक्टरकीनंतरच्या इस्पितळातल्या प्रशिक्षणासाठी, पुन्हा अर्ज करायचा तर वरिष्ठांचं शिफारसपत्र लागतं, आणि अर्ज भरायची मुदत आज पाच वाजता संपत होती. सहा आठवडे ती पत्रासाठी त्यांच्या मागे होती. काल जिन्यात ते म्हणाले, "असं करा, तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो. लाजू नका हं, सगळे आपापलं स्वतःच लिहितात." म्हणजे आजवर 'असामान्य बुद्धिमत्ता' म्हणून निवडली गेलेली मंडळी स्वतःच्याच मते असामान्य होती. तिला जरा हलकं वाटलं.

गेल्या वर्षी तिची कुठेच निवड झाली नाही. "यंदा आपल्याला संधी देता येत नाही," एवढी एकच ओळ आली होती. त्या एका ओळीवर घरादाराकडून शंभर सल्ले आले. 'रिकामं वर्ष' हा शब्द तिने तेव्हाच ऐकला. ज्या वर्षात लेकीच्या कांजिण्या, नवऱ्याची फिरती आणि परीक्षेचा अभ्यास एकाच आठवड्यात येतात, त्याला रिकामं म्हणतात.

टेबलावर फोन थरथरला. दीर. दीर फरश्या विकायचा. वैद्यकशास्त्राशी त्याचा संबंध ॲसिडिटीपुरता.

"वहिनी, तो लेख वाचलात का? वर्ष सत्कारणी कसं लावावं, तो."

"वाचला भावोजी," ती कुजबुजली.

"त्यात म्हटलंय, संशोधन करा."

"केलं. बाराशे केसपेपरांवरची वयं तक्त्यात भरली. निबंधाच्या शेवटी आभार मानलेत माझे, शिपायाच्या नावाखाली."

"समाजसेवा?"

"बालवाडीत उवांची साथ आली होती ना, तेव्हा झाली."

"आणि एखादा छंद लिहायचा असतो म्हणे."

"झोप. पण सराव सुटलाय."

"तुम्ही सगळं थट्टेवारी नेता. अहो, आपल्या माणसाला नाही सांगायचं तर कुणाला?"

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान उंट तरी सांभाळावा लागतो. दिराच्या दुकानात एसी होता. तरी निवड न झाल्याच्या दिवशी सगळ्यांत आधी घरी येऊन बसला होता तो हाच, हे तिला आठवलं. "ठेवते हं, उठेल ती," म्हणून तिने फोन ठेवला.

लेखातला सर्वांत भारदस्त मार्ग तिने वर्षभर चोखाळला होता: वॉर्डात निरीक्षक होणं. निरीक्षक म्हणजे डॉक्टरकीची पदवी असलेला माणूस बिनपगारी उभा राहतो आणि डॉक्टरांकडे बघतो. पहिल्याच दिवशी मोठे डॉक्टर म्हणाले होते, "पेशंटला हात लावायचा नाही. हात मागे बांधून उभ्या राहा, म्हणजे मोह होत नाही." शाळेत 'हाताची घडी, तोंडावर बोट' होतं, इतकी वर्षं शिकून घडी फक्त पुढून मागे गेली.

एकदाच ती घडी सुटली. सात नंबरच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये घातलेल्या आजी होत्या. "पाय फुटतोय गं," त्या सकाळपासून म्हणत होत्या. ज्युनियर डॉक्टर म्हणाला, "हाड मोडलंय आजी, दुखणारच," आणि डॉक्टरांची फौज आठ नंबरकडे सरकली. तिने मागे वळून पाहिलं. प्लास्टरमधून डोकावणारी बोटं काळपट दिसत होती. पाठीमागचा हात आपोआप पुढे आला. बोटं गार होती; घट्ट प्लास्टरने रक्त अडलं होतं. तिने ज्युनियरला बाहीला धरून परत आणलं. प्लास्टर तिथल्या तिथे कापलं गेलं आणि पाय वाचला. केसपेपरवर ज्युनियरचं नाव आलं. तिच्या वाट्याला पुढच्या सोमवारी भिंतीवर चिकटवलेला, प्लास्टिकचं आवरण घातलेला कागद आला: 'निरीक्षकांनी रुग्णांना स्पर्श करू नये.' वर्षभरात तिच्या कामावर छापून आलेला मजकूर तेवढाच.

आता तिने पत्रात 'कष्टाळू' लिहिलं, 'मनमिळाऊ' लिहिलं. हे शब्द कुठल्याही बैलाला चालले असते. मग एकदम तिने सात नंबरची हकीगत लिहिली, साध्या चार ओळींत, आणि वाचताना पहिल्यांदाच तिला पत्रातली बाई ओळखीची वाटली.

लेक उठली. ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून बाहुलीसकट तिला घेऊन ती साडेतीनला वॉर्डात पोचली. कारकूनबाईंनी पत्र छापून दिलं. मोठे डॉक्टर कुठलाही कागद न वाचता सही करत, अशी त्यांची ख्याती होती. नेमकं आज त्यांनी चष्मा लावला.

"हे सात नंबरचं काय आहे?"

"झालं होतं ना सर."

"झालं होतं. म्हणजे माझ्या वॉर्डात दुर्लक्ष झालं, आणि मी निरीक्षकांना हात लावू देतो, या दोन्हींवर मी सही करू?" ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं. "तुमच्याच भल्याचं सांगतो. हे काढा. 'नियमांचं काटेकोर पालन करते' असं घाला. निवड समितीला आवडतं."

"सर, वर्षभरात मी तेवढंच केलंय."

"मग ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. बास झालं की. ठेवायचंच असेल तर खुशाल ठेवा, फक्त सही दुसऱ्याची घ्या."

वर्षभरात दुसरं कुणी वरिष्ठ तिला ओळखायला लागलं नव्हतं. ती हात मागे बांधून उभी होती. लेक शेजारी उभी राहून ते हात बघत होती.

चार ओळी काढायला वेळ लागला नाही. काटेकोर पालन आलं, कागद नव्याने छापला, सही आली. पाच वाजायला दहा मिनिटं असताना तिने व्हरांड्यातल्या बाकावर बसून पत्राचा फोटो काढला आणि फोनवरून अर्जासोबत पाठवला. 'अर्ज स्वीकारला गेला आहे.' वर्ष सत्कारणी लागलं.

तिने मान वर केली. समोर लेकीने बाहुलीला बाकाच्या टोकावर झोपवलं होतं, पायाला रुमाल गुंडाळला होता, आणि स्वतः हात मागे बांधून गंभीरपणे उभी होती.

"काय झालं बाळाला?"

"पाय दुखतोय. रडतंय केव्हाचं."

"मग बघ ना त्याचा पाय."

"बघतेच आहे." लेकीने हात आणखी घट्ट धरले. "पण आई, सगळे बघतच राहिले तर त्याला हात कोण लावणार?"