झबऱ्याची आंघोळ

या मंडळी, असे जवळ सरकून बसा. टाळ जरा खाली ठेवा. आमच्या पारोळ्याकडच्या चिंधानानाची गोष्ट सांगतो.

नाना ओट्यावर बसला होता, मांडीवर झबऱ्याचं डोकं. म्हशी भादरणं हा नानाचा धंदा. झबऱ्या हा केसाळ कुत्रा, हायवेवर कुणीतरी सोडून दिलेला. नाना आणि झुंबरअक्काला मूलबाळ नव्हतं, तेव्हा अक्का त्यालाच 'पोऱ्या' म्हणायची. पावसाळाभर भिजून त्याच्या केसांच्या जटा झाल्या होत्या, आणि जटांखाली कातडं सोलवटून ओल्या जखमा पडल्या होत्या.

"ओढी काढ ना एकदाच," अक्का म्हणाली.

"ओढं तं चामडी बी संगे यी वं. तू डोकं धर त्यानं."

नानाने जटेखाली आधी स्वतःची दोन बोटं सरकवली आणि बोटांच्या वरूनच कात्री चालवली. लागलं तर आपल्याला लागावं. जखमेभोवतीचे केस मोकळे केले, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून जखम नुसती टिपली. झबऱ्या एकदा गुरकावला, मग नानाचा हात चाटू लागला.

"खपली धरू दे. तवलोंग आंग धोवानं नही," नानाने बजावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हशी भादरायला शेजारच्या गावी गेला.

त्याच दिवशी सप्त्यातलं काल्याचं कीर्तन होतं. झबऱ्या रोज अक्काजवळ मंडपात बसायचा. अभंगाला मान हलवतो, असं ती शपथेवर सांगायची, आणि खोटं कशाला बोलू, मीही पाहिलंय. नळावर बायांनी तिला छेडलं.

"अक्का, तुन्हा पोऱ्या वास मारस! देवना दारे न्हायी-धुयी लयी ये."

"लयसू वं! तुन्हा नवरापेक्षा चोखा दिसी मन्हा पोऱ्या."

बाया हसल्या, पण अक्काच्या मनाला ते लागलं. काल्याच्या दिवशी लेकराला असं घाणेरडं न्यायचं? केस कातरल्यामुळे अंगावरचे गोचीडही दिसत होते. गोठ्यात बैलांच्या गोचिडांचं औषध होतं. तिने ते कोमट पाण्याच्या बादलीत ओतलं आणि ओव्या म्हणत, अंग चोळचोळून झबऱ्याला न्हाऊ घातलं. कपाळाला बुक्का लावला.

मंडपात हंडी फुटली, लाह्या उधळल्या, तोवर झबऱ्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या होत्या. पाय थरथरत होते. नाना परत आला तो अक्का झबऱ्याला पोटाशी धरून रस्त्यावर उभी. तसेच रिक्षाने पारोळ्याला गेले. गुरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. अक्का बाहेर पायरीवर देवाचं नाव घेत बसली. दिवस मावळायच्या आत झबऱ्या गेला.

डॉक्टरांनी नानाला बाजूला घेतलं. "उघड्या जखमांवर बैलांचं औषध लावलं होतं का? ते अंगात भिनलं, नाना."

नानाने वळून पाहिलं. दारातून अक्का दिसत होती. त्या औषधाचा वास अजून तिच्या हातांना होता.

तो बाहेर येताच तिने विचारलं, "मन्हं काही चुकनं का हो?"

"नही वं. त्यानं वय व्हयेल व्हतं."

झबऱ्या फार तर चार वर्षांचा असेल.

पुढे अक्का आल्यागेल्याला हेच सांगायची, "वय व्हयेल व्हतं," आणि सांगता सांगता नानाकडे बघायची. नाना मान डोलवायचा. कधी जेवता जेवता ती मध्येच हात थांबवून विचारायची, "खरंच ना?" नाना तिच्या ताटात भाजी वाढायचा आणि पुन्हा तेच सांगायचा, पहिल्यांदाच सांगितल्यासारखं.

अक्का गेली, तिचा दहावा झाला, तेव्हा नाना माझ्याजवळ हे बोलला. पाठोपाठ तोही गेला. दोघांच्या मागे कुणी नाही. जन्मात एकच खोटं बोलला तो, आणि शेवटपर्यंत बोलत राहिला. मंडळी, देवापुढे हात जोडून आपल्या माणसांची नावं घेता ना? त्यात एक नाव आमच्या चिंधानानाचं घ्या.