कोपऱ्यातली बादली

"चहा हे पेय नाही. चहा ही माणसाने माणसाला केलेली क्षमा आहे!" उजवा हात वर करून मी म्हणालो आणि टाळ्यांसाठी थांबलो.

पहिल्या रांगेतून बायको म्हणाली, "अहो, माईक बंद आहे."

वाचनालयाचे सचिव धावत आले. माईकवर दोनदा टिचकी मारून ते "हॅलो" म्हणाले, ते साऱ्या सभागृहाला ऐकू गेले आणि त्याला टाळ्या पडल्या. माझे वाक्य मी पुन्हा म्हटले नाही. क्षमा एकदा हुकली की हुकली.

चौतीस वर्षे मी एका कंपनीत चहा चाखायची नोकरी केली. लांबलचक टेबलावर पांढऱ्या कपांची रांग असे. चमचाभर चहा जोरात भुरका मारून ओढायचा, जिभेवरून फिरवायचा आणि उजव्या हाताला ठेवलेल्या उंच बादलीत थुंकायचा. मग एक शब्द बोलायचा. "उजळ." "मऊ." "करपट." कारकून तो लिहून घेई आणि आम्ही पुढच्या कपाकडे सरकत असू. रोज दोनशे कप. गिळायचे नाही, हा पहिला नियम. ऑफिसात मला 'भुरकेसाहेब' म्हणत. नव्या लोकांना ते माझे आडनावच वाटे. निवृत्तीच्या मानपत्रावर तेच छापून आले, आणि दुरुस्त करा म्हणायची मलाच लाज वाटली.

एवढा चहा थुंकला, तर तो उगवतो कुठे ते एकदा बघावे, म्हणून निवृत्तीनंतर मी जग हिंडलो. तीन वर्षे, अकरा देश. कुठे चहात मीठ घालतात, कुठे लोणी. एके ठिकाणी तर चहा येण्याआधी दोन तास गप्प बसवतात. बायको सगळीकडे बरोबर होती. मी चहाकडे लक्ष ठेवायला गेलो होतो आणि ती माझ्याकडे.

परत आल्यापासून मी व्याख्याने देतो. हे एकोणिसावे. शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो, "सगळ्यांत चांगला चहा कुठे प्यायलात?" माझेही उत्तर ठरलेले आहे. धुक्यातले तळे, म्हातारा नावाडी, त्याची काळी किटली. त्या नावाड्याचे डोळे दर व्याख्यानात थोडे जास्त पाणावतात. खरे तर त्याच्याकडे चहा नव्हताच. उलट त्याने आमच्याकडे बिस्कीट मागितले होते. नावाडी आला की बायको पर्स उघडते आणि तिच्यात नसलेली काहीतरी वस्तू शोधत बसते.

त्या दिवशी मात्र एक निवृत्त नर्सबाई उठल्या. "चांगल्या चहाचं राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "कुठला चहा अजून घशाशी येतो, ते सांगा."

बायकोचा हात पर्सवरच थांबला. मी तिच्याकडे पाहिले आणि चार वर्षांत न सांगितलेली गोष्ट सांगायला लागलो.

सातवा देश. डोंगरावरचा मळा. या मळ्याचा चहा आमच्या कंपनीत येत असे आणि मी तो शेकडो वेळा थुंकला होता. पाने खुडणाऱ्या एखाद्या बाईचे घर पाहायचे, असे माझ्या मनात आले. व्याख्यानाला बरे पडते. आमचा ड्रायव्हरच दुभाषा होता. म्हणाला, "माझ्या मावशीकडे चला. बेचाळीस वर्षं खुडतेय."

मावशीचे घर एका खोलीचे. मळ्यातले चांगले पान खुडणाऱ्यांच्या घरी येत नाही. त्यांच्या वाट्याला चाळणीखालची भुकटी. पण मावशीची घरामागे स्वतःची तीन झुडपे होती. त्यांची पाने तिने हाताने वळून, तव्यावर सुकवून डब्यात ठेवली होती.

"धाकटीच्या लग्नासाठी ठेवलाय," ड्रायव्हर माझ्या कानात म्हणाला. "नको म्हणालो, पण ऐकत नाही. म्हणते, साहेबांनी इतकी वर्षं माझं पान लांबून जोखलं, आज समोर बसून सांगू देत."

तिने डबा फोडला. कोपऱ्यातल्या बादलीतून पाणी घेऊन चुलीवर ठेवले. कान शाबूत असलेला घरातला एकमेव कप माझ्या हातात आला. दारात शेजारच्या चार बायका उभ्या राहिल्या.

मी भुरका मारला. चौतीस वर्षांत मारला नव्हता असा. चहा जिभेवरून फिरवला. आणि उजव्या हाताला वळून, बादली जिथे असते तिथे ती होतीच, तिच्यात थुंकलो.

"किंचित करपट," मी म्हणालो.

ते त्या घरातले पिण्याचे पाणी होते.

दारातल्या बायका बादलीकडे बघू लागल्या. मावशीने ड्रायव्हरला काहीतरी विचारले. तो जमिनीकडे बघत मला म्हणाला, "ती विचारतेय, फार गरम होता का? जीभ भाजली का साहेबांची?"

मी म्हणालो, "हो."

मग मावशीने स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली आणि पातेल्यावरच्या झाकणाने मला वारा घालू लागली. बायकोने माझ्या हातातला कप काढून घेतला, मावशीसमोर बसली आणि शेवटच्या थेंबापर्यंत चहा प्यायली. मग बादली उचलली. झरा खाली, बराच उतारावर. मावशीने कडी धरली, बायकोने सोडली नाही, तेव्हा दोघीही एकेका बाजूने धरून निघाल्या.

एवढे मी सांगितले, पण कसे सांगितले? भुरका मारून दाखवला. सभागृह खदखदले. वळून थुंकून दाखवले. "किंचित करपट"ला टाळ्या पडल्या. आणि "जीभ भाजली का साहेबांची"ला तर सचिवांनी डोळे पुसले. चौथ्या रांगेतला एक गृहस्थ खोकत बाहेर गेला. नर्सबाई तेवढ्या हसल्या नाहीत. आणि बायको. तिने पर्सवर दोन्ही हात ठेवले होते.

एकोणीस व्याख्यानांतली ती सर्वांत मोठी टाळी. "हा किस्सा सुरुवातीलाच घेत चला साहेब," सचिव म्हणाले. "नावाड्यापेक्षा भारी आहे." तेव्हा कळले की कबुली द्यायला उभा राहिलो होतो आणि नावाड्याच्या जागी मावशीला बसवून खाली उतरलो होतो.

सचिवांनी कागदी कपातून चहा आणून दिला. चारपाच जण घोळका करून माझ्या तोंडाकडे पाहू लागले. एकाने गमतीने कचऱ्याची टोपलीही पुढे सरकवली. मी कप तोंडाला लावला आणि आवाज न करता सगळा गिळला.

"कसा आहे?"

"छान आहे," मी म्हणालो. चांगलाच करपला होता.

घरी मी आणि बायको चालत निघालो. उन्हे उतरत होती.

"शेवटी खरं सांगून टाकलं," मी म्हणालो.

"हं."

"सगळ्यांसमोर."

"ऐकलं."

"लोक हसतील असं वाटलं नव्हतं गं."

"तुम्ही हसवलंत."

मग मी म्हणालो, "तू गुडघे दुखत असताना त्या उतारावर गेलीस, पाण्याची खेप केलीस, ते नीट सांगायला हवं होतं. राहूनच गेलं."

"दोन."

"काय दोन?"

"दोन खेपा. पहिलं पाणी बादली घासण्यातच गेलं. मावशी नको नको म्हणत होती. मीच घासली." ती थांबली. "तुम्ही वहीत लिहीत होतात."

ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या दिवसाच्या पानावर एकच शब्द आहे, आणि तो अक्षर चांगले यावे म्हणून मी दोनदा गिरवला आहे.

दाराशी ती पर्समध्ये किल्ली शोधू लागली. आता ती काहीतरी बोलेल, असे मला वाटले. चार वर्षांचे साठलेले. मी तयार होतो. मान खाली घालून, काय वाटेल ते ऐकून घ्यायला.

किल्ली सापडली. दार उघडून ती आत गेली, आणि आतूनच म्हणाली,

"अहो, नळ सहाला जाईल. पिण्याचं पाणी तेवढं भरून ठेवा. आणि वर झाकण ठेवा आठवणीने."