पुनाच्या नावाचं पान

इटलीच्या लढाईत पुना पडला, त्याला दोन वर्षं होत आली. नरडाण्यात त्याच्या आईसमोर, भिकुबाईसमोर, कोणी आपल्या पोराची बढाई मारत नसे. मारली, की ती पुनाचं नाव काढी आणि समोरचा गप्प बसे. आईच ती, मिरवणारच.

आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा दिवस. पुनाच्या नावानं घागर भरून झाली होती. पुनाच्या जागी पितर म्हणून जेवायला शेजारचा छगन यायचा होता. एवढ्यात पहूरचा वना दारात उभा राहिला. पुनाच्याच पलटणीतला. पाण्याचा तांब्याही न घेता त्यानं सांगून टाकलं, की पुना जर्मनांच्या गोळ्यानं गेला नव्हता. वनानं डागलेल्या उखळी तोफेच्या गोळ्यानं गेला होता.

पुनाचा बाप सुकदेव ताडकन उठला. "मंग सरकारी कागदमा खोटं लिखं? चूक कोनी? साहेबनी का तुनी?"

"साहेबानं सांगितलं तवाच डागला, आबा. पन हात माहा होता."

ज्या मरणावर भिकुबाई मान ताठ ठेवून चालली, ते आपल्याच माणसाच्या हातचं निघालं. तिनं एवढंच विचारलं, "तो तठे कसा काय व्हता?"

"टेकडी सहाला चढायची होती, माय. पुनाची तुकडी साडेपाचलाच वर पोचली. सगळ्यात पुढं तोच. जर्मन पळाले. खाली कोनाले पत्ताच नाही, आन् ठरल्या वेळी गोळे सुटले."

भिकुबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. शर्यतीत बैल सोडायच्या आधी धावणारं तिचं पोर, लढाईत कशाला थांबेल?

"हाऊ पोऱ्या पहूरथून खरं सांगाले उना," ती नवऱ्याला म्हणाली. "दोष ज्यानी लपाडं, त्याना."

छगन आला, तेव्हा तिनं त्याला ओट्यावरच थांबवलं. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, काही न लपवता, पुना कोणाच्या गोळ्यानं गेला आणि किती आधी पोचला, ते सांगितलं. मग पितराच्या पाटावर वनाला बसवलं.

वनाला घास काही उचलवेना. भिकुबाईनं त्याच्या वाटीत रस वाढला.

"जेव भाऊ. पुनाना नावनं पान शे. उष्टं टाकू नको."