बाटलीतल्या मांजऱ्याची तक्रार

मित्रांनो, मी एक जुना मांजऱ्या साप आहे. जुना म्हणजे मारून बाटलीत घातलेला. सिरसाळ्याजवळच्या वस्तीवर, राधाकिशन मांत्रिकाच्या ओसरीतल्या फळीवर माझा मुक्काम असतो. बाटलीवर चिठ्ठी आहे: 'फुरसे, महाविषारी.' एवढी बढती मला जिवंतपणी कोणी दिली नव्हती.

मी वस्तीवरच्या वच्छलाबाईंच्या कडब्याच्या गंजीत राहायचो, पाली खायचो. एकदा बाईंनी पेंढी ओढताना मलाही मुठीत धरले. मी चावलो. माझे विष पालीपुरते. माणसाला आग होते, खाज सुटते, थोडी सूज येते आणि आपोआप उतरते. पण माझे ठिपके पडले फुरशासारखे. मला ठेचले. राधाकिशनने बाईंच्या हाताला सुतळी आवळली, ब्लेडने चिरे दिले, मंत्र फुंकले. एवढे सोसूनही हात बरा झाला, आणि गुलाल राधाकिशनवर पडला.

माझा राग पुढच्या गोष्टीचा आहे. यंदा बाईंची सून स्वप्नाली हिला बांधावर खरे फुरसे चावले. बाईंनी तिला दवाखाना सोडून इथे आणले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्योच मला चावलता. हितंच गुण आला." राधाकिशन सुतळी शोधू लागला. पोरीचा पाय टरारून सुजला होता. मला ओरडायचे होते. पण ते सापाला जिवंतपणीही जमत नाही.

स्वप्नाली थुंकली. थुंकी लाल होती.

"आत्याबाई, तुमाला असं रगत आलतं का?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "न्हाई गं," त्या म्हणाल्या, आणि दारातल्या मुलाला हाक मारली, "विलास, गाडी काढ. अंबाजोगाईला."

राधाकिशनने निदान एक मंत्र तरी घेऊन जा म्हटले.

"मंतर मागून फोनवर पाठवा."

स्वप्नाली वाचली. सर्पविषावरचे इंजेक्शन उशिरा मिळाले, म्हणून बरेच दिवस दवाखान्यात काढले. राधाकिशन सांगतो, आपल्या धाकानेच विष अंबाजोगाईपर्यंत थांबले.

मित्रांनो, साप ओळखत बसू नका, मारूही नका. आवळू नका, चिरू नका, सरळ दवाखाना गाठा. माझ्यासारखा निघाला तर डॉक्टर घरी पाठवतील. त्यात कुणाची बेअब्रू नाही.

चिठ्ठी अजून तशीच आहे. कधी वाटते, झाकण उडवून राधाकिशनला एकदा चावावे. पण उपयोग नाही. तो बरा होईल, आणि त्याचेही श्रेय स्वतःच घेईल.