तांबूचा वाटा

महिपतसारखा निलाजरा माणूस आमच्या वाडीत दुसरा नाही. माझ्या लेकाचा जीव घेऊन वर त्याच्याच वाट्याचं मांस तो हसत घरी घेऊन आला. मित्रांनो, मी आवडी. पोलादपूरच्या वरच्या डोंगरातली एक म्हातारी शिकारी कुत्री. दात पडलेत, पण जीभ शाबूत आहे, म्हणून सांगते.

माझा जन्म ठकूबाईच्या गोठ्यात, पेंढ्याच्या भाऱ्यांमागे झाला. शिमग्याला आमच्याकडे रानडुकराची शिकार असते. अकरा शिमगे मी शिकारीला गेले. माझा कान डुकराच्या सुळ्याने फाटलेला आहे आणि तो मी मिरवते. तेव्हा माणसं म्हणायची, "आवडी हाय ना संगती? मग डुक्कर पडलाच समजा!" पुढे पाय थकले, तशी माझी आठवणही थकली. भाकरीचा तुकडा टाकायची ती एकटी ठकूबाई.

माझ्यामागे माझा तांबू शिकारीला जाऊ लागला. आमच्याकडे शिकारीत कुत्र्याचाही वाटा काढतात, तो त्याला आणणारा माणूस घरी नेतो. पण रीत अशी, की डुक्कर पडायच्या आधी कुत्रं पाण्याला गेलं, तर त्याचा वाटा बुडाला. माणसं मात्र वाळल्या भोपळ्यात भरून नेलेलं पाणी घटाघटा पितात. त्यांचा वाटा कोण बुडवणार?

त्या शिमग्याला ऊन नुसतं भाजत होतं. ठकूबाईचा पुतण्या महिपत तांबूला घेऊन गेला. मीही लंगडत मागून गेले. भर दुपारी तांबूची जीभ रुंद होऊन एका कडेला लोंबू लागली. लाळ चिकट होऊन दोरीसारखी लोंबली, हिरड्या लालभडक. हाक मारली तरी वळेना. झुडपाखाली जाऊन ओली माती उकरू लागला. मी आई. मला कळलं, पोर आतून पेटलंय. तो झोकांड्या खात वहाळाच्या पाण्याकडे निघाला, तर महिपतने गळ्यातली दोरी हिसडली.

"वाटा घालवतोस काय रे माझा?"

डुक्कर पडलं आणि पाठोपाठ तांबूही पडला. "ताप भरलाय," म्हणत महिपतने त्याला घोंगडीत गुंडाळलं आणि खांद्यावर टाकून घरी आणलं.

ठकूबाईने घोंगडी ओढून फेकली. "जनावर भाजतंय नि तू त्याला पांघरतोस?"

तिने तांबूला सावलीत निजवलं. पोटावर, जांघेत, पंजांवर गार पाणी ओतलं, सुपाने वारा घातला. पाणी घशात ओतलं नाही. त्याने मान उचलली तेव्हा ओंजळीतून चाटवलं. तांबूने शेपूट हलवलं. एकदाच. दिवस बुडायच्या आत माझा लेक गेला.

मित्रांनो, कुत्रं कधी 'पुरे' म्हणत नाही. तुम्ही धावा म्हणाल तोवर ते धावतं. तेव्हा 'पुरे' तुम्हीच म्हणायचं असतं, जीभ कडेला लोंबली की लगेच. रीत वाट बघेल, जीव बघत नाही.

महिपत तोवर वाटणीला गेला होता. पानात बांधलेली पुडी नाचवत आला. "काकी, तांबूचा वाटा मिळाला गो! अख्खा! कर झणझणीत रस्सा."

ठकूबाईने पुडी घेतली, परसात तांबूसाठी खणलेल्या खड्ड्यात त्याच्या तोंडाशी ठेवली आणि वर माती लोटली. मग महिपतकडे वळून म्हणाली,

"कुत्र्याचा वाटा होता तो, मेल्या. तुला कसा वाढू? कुत्रं व्हायला पन लायकी लागते. ती तुझी नाय."